आवाज कानात सोडतात आणि उत्तर मान देते : चक्करचं मूळ शोधणारी ‘व्हेम्प’ टेस्ट नेमकी आहे तरी काय?

मे महिना, दुपारचे दोन वाजलेले आणि अकोल्याचा पारा ४५ च्या घरात. अशा वेळी गांधी रोडवर कोणी डोकं धरून मटकन खाली बसलं की आजूबाजूचे लोक क्षणात निदान करून मोकळे होतात, “काही नाही बाप्पा, ऊन लागलं तुले.” मग सावली, पाणी, कैरीचं पन्हं आणि फारच वाटलं तर दवाखान्यात नेऊन एक सलाईन. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात हे निदान बरेचदा बरोबरही निघतं.

पण तीच चक्कर जानेवारीच्या थंडीत, घरात, पलंगावर कूस बदलताना आली तर? कपाटावरचा डबा काढायला मान वर केली आणि अख्खी खोली भोवऱ्यासारखी फिरली तर? किंवा मिरवणुकीत ढोल वाजायला लागले आणि समोरचं दृश्यच डोळ्यांपुढे हलायला लागलं तर?

इथे ऊन नसतं. मग संशय जातो बीपीवर, शुगरवर, अशक्तपणावर, पित्तावर. तिथे काही सापडलं नाही की मानेच्या मणक्यावर. गळ्यात पट्टा येतो, गोळ्या सुरू होतात, महिने जातात आणि चक्कर आपल्या वेळेवर येतच राहते. या सगळ्या धावपळीत एका अवयवाची चौकशी करायची राहून जाते. तो अवयव म्हणजे कान.

आणि कानाची ही चौकशी करण्याची एक पद्धत इतकी अजब आहे की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला मस्करी वाटावी. आवाज कानात सोडायचा आणि उत्तर कानाला, मेंदूला किंवा पेशंटला न विचारता थेट मानेच्या स्नायूला विचारायचं. या टेस्टचं नाव वेस्टिब्युलर इव्होक्ड मायोजेनिक पोटेन्शियल. एवढं मोठं नाव डॉक्टरही घेत नाहीत. ते म्हणतात ‘व्हेम्प’.

चक्कर शब्द एक, आजार अनेक

मराठीत आपण सगळ्यालाच चक्कर म्हणतो. गडबड इथूनच सुरू होते.

उन्हात उभं राहिल्यावर, उपाशीपोटी किंवा झटकन उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, घाम फुटतो, आता पडतो की काय असं वाटतं. ही एक चक्कर. तिचं नातं बहुतेक वेळा रक्तदाब, पाणी आणि मीठ यांच्याशी असतं.

दुसरीत अंधारी येत नाही. माणूस पूर्ण शुद्धीत असतो, पण घर, भिंती, पंखा सगळं गरगर फिरतं. उलटी होते. डोळे मिटून पडून राहावंसं वाटतं. या चक्करच्या मागे बरेचदा आतला कान असतो.

तिसरी चक्कर गरगरण्याची नसतेच. माणसाचा फक्त तोल जातो. दिवसा ठीक, पण अंधारात पाय चाचपडतात. चालताना समोरच्या दुकानाची पाटी हलताना दिसते. यामागे दोन्ही बाजूंचे आतले कान दुबळे झालेले असू शकतात, पायाच्या नसा किंवा मेंदूही असू शकतो.

पेशंट तिन्ही वेळा डॉक्टरांना एकच वाक्य सांगतो, “चक्कर येते.” मग शोध चुकीच्या दिशेने सुरू झाला तर नवल नाही.

कानाचं दुसरं काम

कान ऐकण्यासाठी असतो हे अर्धं सत्य आहे. कवटीच्या हाडात, शंखासारख्या ऐकण्याच्या अवयवाला लागूनच तोल सांभाळणारी एक यंत्रणा बसवलेली आहे. प्रत्येक कानात तिचे पाच भाग असतात.

त्यातल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या. त्यांच्यात द्रव भरलेला असतो. मान वळवली, होकार दिला, डोकं खांद्याकडे कलवलं की हा द्रव सरकतो आणि डोकं कोणत्या दिशेला फिरलं याची खबर मेंदूला मिळते.

उरलेल्या दोन छोट्या पिशव्या, युट्रिकल आणि सॅक्युल. त्यांच्यात मऊ चकतीवर कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे चुनखडीचे अगदी बारीक खडे बसलेले असतात. डोकं कललं, गाडीने वेग घेतला, लिफ्ट वर निघाली की वजनामुळे हे खडे किंचित मागे राहतात आणि खालच्या केसांसारख्या पेशी वाकतात. साधारणपणे युट्रिकल आडव्या हालचालीचा हिशोब ठेवतं आणि सॅक्युल वर-खाली हालचालीचा.

परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना एसटीत मोबाईल बघणाऱ्याला गाडी लागते ती याच यंत्रणेमुळे. डोळे सांगतात सगळं स्थिर आहे, कान सांगतो आपण वळणावर वळण घेतोय. मेंदूने ऐकायचं कोणाचं?

आणि हीच यंत्रणा उत्तम चालली तर काय होतं ते बघायचं असेल तर अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मैदानावर जावं. १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केलेल्या या संस्थेच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. मल्लखांबावर उलटं लटकलेल्या पोराला डोळे मिटूनही जमीन कुठे आहे ते कळतं. त्यात सरावाचा, स्नायूंचा वाटा मोठा, पण वर-खालीची मूळ खबर देतात कानातले ते खडे.

योगायोग असा की ज्या १९१४ साली अमरावतीत हे मंडळ सुरू झालं, त्याच वर्षाचं वैद्यकशास्त्राचं नोबेल कानातल्या तोलावर काम करणाऱ्या रॉबर्ट बारानी या व्हिएन्नाच्या डॉक्टरला मिळालं. कान धुताना पाणी जास्त थंड किंवा जास्त गरम झालं की पेशंटला चक्कर येते, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्यातून एक टेस्ट तयार झाली. नोबेलची बातमी आली तेव्हा गडी पहिल्या महायुद्धात रशियाच्या कैदेत होता.

बारानीची टेस्ट आजही होते, पण ती प्रामुख्याने तीनपैकी एकाच नळीबद्दल सांगते. खड्यांच्या त्या दोन पिशव्या मात्र पुढे कितीतरी वर्षं डॉक्टरांच्या हाताला नीट लागल्याच नाहीत. पाचपैकी दोन साक्षीदार गप्पच. त्यांना बोलतं केलं आवाजाने.

तोल सांभाळणाऱ्या पिशवीला आवाज कळतोच कसा?

याचं उत्तर माशांकडे आहे. माशाला आपल्यासारखा ऐकण्याचा शंख नसतो. बहुतेक मासे आवाज ओळखतात ते याच खड्यांच्या पिशव्यांनी, त्यातही बऱ्याच जातींमध्ये मुख्य काम सॅक्युलचं. उत्क्रांतीच्या वाटेवर माणसाला ऐकण्यासाठी वेगळा शंख मिळाला, सॅक्युलकडे फक्त तोलाचं काम उरलं. पण जुनी सवय पूर्ण गेली नाही. आवाज पुरेसा मोठा आणि खालच्या पट्टीतला असला की आपलं सॅक्युल अजूनही थरथरतं.

ही थरथर आपल्याला ऐकू येत नाही. पण तिची खबर तोलाच्या नसेतून मेंदूच्या बुंध्यापर्यंत आणि तिथून मानेच्या स्नायूपर्यंत पोहोचते. या प्रवासाला लागतात सुमारे १३ मिलिसेकंद. पापणी लवायला लागणाऱ्या वेळेच्या दहाव्या भागापेक्षाही कमी. शरीराने ही वाट ठेवली आहे ती डोकं अचानक हललं तर मान सावरण्यासाठी. टेस्टमध्ये त्याच वाटेचा वापर होतो, फक्त धक्क्याच्या जागी आवाज.

कबुतरापासून सिडनीपर्यंत

ही कल्पना एका दिवसात सुचलेली नाही. १९२० च्या दशकात पिएत्रो तुलिओ या इटालियन शास्त्रज्ञाने कबुतरांच्या आतल्या कानातल्या नळीला बारीक भोक पाडलं. त्यानंतर आवाज केला की कबुतराचं डोकं आणि डोळे हलायचे. आजही आवाजाने चक्कर येण्याच्या लक्षणाला डॉक्टर तुलिओचंच नाव देतात.

१९३५ मध्ये गेओर्ग फॉन बेकेसी याने दाखवलं की खूप मोठ्या आवाजाने माणसाचं डोकंही नकळत हलतं. ऐकण्याच्या शंखावरच्या कामासाठी पुढे १९६१ मध्ये त्याला नोबेल मिळालं.

मग आलं १९६४. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये (नागपूरचं मेयो नव्हे, ते वेगळं) रेजिनाल्ड बिकफर्ड आणि सहकारी आवाजानंतर डोक्याच्या मागच्या बाजूला उमटणारी विजेची लहर मोजत होते. त्यांच्या लक्षात आलं की मान ताणली की लहर वाढते, सैल सोडली की विरते. म्हणजे ही लहर मेंदूची नव्हतीच, मानेच्या स्नायूंची होती. आणि तिचं मूळ ऐकण्यात नव्हतं, तोलाच्या यंत्रणेत होतं.

पण डोक्यामागचा हा सिग्नल फार बेभरवशाचा होता. तो पक्का केला ऑस्ट्रेलियातल्या सिडनीच्या जेम्स कोलबॅच आणि मायकेल हालमागी या दोन न्यूरोलॉजिस्टनी. १९९२ मध्ये त्यांनी मोजण्याची जागा बदलली. कानामागच्या हाडापासून छातीच्या हाडापर्यंत तिरका उतरणारा, मान वळवली की दोरीसारखा उठून दिसणारा जो स्नायू आहे, त्यावर त्यांनी इलेक्ट्रोड लावले. ज्यांची एका बाजूची तोलाची नस उपचारासाठी कापलेली होती, अशा पेशंटमध्ये त्या बाजूची लहर गायब होती. उलट ऐकू येत नाही पण तोलाची यंत्रणा शाबूत आहे, अशांमध्ये ती मिळत होती.

याचा अर्थ सरळ होता. कानाला ऐकू येवो न येवो, सॅक्युल जागं असेल तर मान उत्तर देते.

२००५ च्या सुमारास याच टेस्टची दुसरी आवृत्ती आली. तिच्यात इलेक्ट्रोड डोळ्यांखाली लावतात आणि मुख्यतः युट्रिकलची परीक्षा होते. हालमागी यांनीच इयन कर्थॉय्स यांच्यासोबत १९८८ मध्ये मान झटकन वळवून नळ्या तपासण्याची पद्धत मांडली होती, तिची आता कॅमेऱ्यावर चालणारी टेस्ट झाली आहे. तीन नळ्यांना कॅमेरा, दोन पिशव्यांना व्हेम्प. पाचही साक्षीदार बोलायला लागले.

टेस्टच्या खोलीत नेमकं काय होतं?

सुई नाही, भूल नाही, उपाशी राहायची गरज नाही.

आधी कान तपासतात. मळ असेल तर काढतात, पडदा शाबूत आहे का बघतात. ही पायरी महत्त्वाची आहे. कान वाहत असेल, पडद्याला भोक असेल किंवा मधल्या कानात पाणी असेल तर आवाज आतपर्यंत पोहोचतच नाही आणि सॅक्युल ठणठणीत असूनही रिपोर्ट ‘लहर मिळाली नाही’ असा येतो. अशा वेळी कपाळावर किंवा कानामागच्या हाडावर कंपन देऊन टेस्ट करता येते.

मग मानेची, छातीच्या वरच्या टोकाची आणि कपाळाची कातडी पुसून इलेक्ट्रोड चिकटवतात. कानात छोटा इअरफोन. पेशंटला आडवं पडून डोकं थोडं उचलायला किंवा बसून मान विरुद्ध बाजूला वळवून धरायला सांगतात. स्नायू ताणलेला हवा, कारण आवाज पोहोचला की तो क्षणभर सैल पडतो आणि यंत्र तेच पकडतं. सैल स्नायू आणखी सैल काय होणार?

मग कानात टक-टक-टक असा आवाज सुरू होतो. सेकंदाला साधारण ५ वेळा, एकूण शंभर-दोनशे वेळा. बहुतेक ठिकाणी ५०० हर्ट्झचा सूर वापरतात. एवढे टोले कशासाठी? कारण उत्तर अगदी बारीक असतं, व्होल्टच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास. अकोल्याच्या जनता भाजी बाजारात सकाळी कोणीतरी लांबून एकदा हाक मारली तर गलक्यात ती हरवते. पण तीच हाक ठरलेल्या ठेक्यावर दीडशे वेळा आली आणि प्रत्येक वेळचं रेकॉर्डिंग एकावर एक ठेवलं, तर गलका एकमेकांत जिरतो आणि हाक वर येते. यंत्र हेच करतं.

स्क्रीनवर दिसते एक छोटी टेकडी आणि तिच्या मागे दरी. टेकडी १३ मिलिसेकंदांच्या आसपास, दरी २३ च्या आसपास. मग थोडी विश्रांती आणि दुसरा कान. डोळ्यांच्या टेस्टमध्ये मान ताणायची नसते, फक्त नजर वर लावून धरायची असते. तिथे लहर १० मिलिसेकंदांच्या आसपास आणि उलट बाजूच्या डोळ्याखाली मिळते.

आवाज मोठा असतो, हे मात्र खरं. त्यामुळे कानात सतत शिट्टी वाजत असेल किंवा मोठा आवाज सहनच होत नसेल तर आधीच सांगायला हवं. लहान मुलांची कानाची नळी छोटी असल्याने तोच आवाज त्यांच्या कानात जास्त जोरात पोहोचतो, म्हणून त्यांच्यासाठी तो कमी ठेवावा लागतो. टेस्ट उगाच पुन्हा पुन्हा करत नाहीत ती यासाठीच.

रिपोर्टमधून काय कळतं?

रिपोर्टमध्ये तीन गोष्टी बघतात. लहर आली का, दोन्ही बाजूंची उंची सारखी आहे का आणि किती लहान आवाजापर्यंत ती टिकते.

सगळ्यात स्पष्ट उत्तर मिळतं ते एका विचित्र आजारात. आतल्या कानाच्या वरच्या नळीवरचं हाडाचं छत काही जणांमध्ये इतकं पातळ होतं की तिथे भोक पडतं. लॉइड मायनर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये या आजाराचं वर्णन केलं. या लोकांना स्वतःच्या टाचांचा आवाज डोक्यात ऐकू येतो, काहींना तर बुबुळं फिरल्याचाही. शिंकलं, जोर दिला किंवा मोठा आवाज झाला की जग हलतं. अशी तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला लोक वेड्यात काढतात, पण तुलिओच्या कबुतराला जे झालं तेच त्याला होत असतं.

बंद पाईपलाईनला भलत्या ठिकाणी भोक पडलं की पाण्याचा जोर तिकडे वळतो. इथेही आवाजाची ऊर्जा तोलाच्या यंत्रणेकडे वळते. त्यामुळे इतर आजारांत व्हेम्पची लहर बारीक होते किंवा जाते, या आजारात ती उलट मोठी होते आणि लहान आवाजालाही येते. मग कानाच्या हाडाचा सीटी स्कॅन करून खात्री करतात.

श्रावणात शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन कावडी अकोल्यात राजराजेश्वराकडे येतात, तेव्हा शहर ढोलांनी दणाणून जातं. आवाजाने छाती धडधडणं, डोकं दुखणं कोणालाही होऊ शकतं. पण दर वेळी आवाज सुरू होताच समोरचं दृश्य हलत असेल किंवा तोल जात असेल, तर ते कानाच्या डॉक्टरला सांगण्यासारखं लक्षण आहे.

दुसरा उपयोग नसेच्या सुजेत. अचानक एक दिवस प्रचंड गरगरतं, उलट्या होतात आणि दोन-तीन दिवस उठता येत नाही, पण ऐकू व्यवस्थित येतं. यात बरेचदा तोलाच्या नसेची वरची फांदी बिघडलेली असते, खालची शाबूत असते. डोळ्याची व्हेम्प वरच्या फांदीची खबर देते, मानेची खालच्या फांदीची. दोन्ही मिळून नुकसान कुठवर आहे याचा अंदाज येतो.

तिसरा उपयोग औषधांच्या नुकसानीत. स्ट्रेप्टोमायसिन आणि जेंटामायसिन या गटातली इंजेक्शनं जीव वाचवतात, पण काही पेशंटमध्ये दोन्ही कानांतली तोलाची यंत्रणा दुबळी करतात. दोन्ही बाजू सारख्याच गेल्या की गरगरत नाही, म्हणून लक्षातही येत नाही. दिवसा डोळे सांभाळून घेतात. पण वऱ्हाडात कृषिपंपाला रात्रीची वीज मिळाली की शेतकऱ्याला ओलितासाठी अंधारातच शेतात जावं लागतं. ओल्या धुऱ्यावरून, विहिरीच्या काठाने. तिथे डोळ्यांची मदत नसते, पायाखाली चिखल असतो, सगळी भिस्त कानावर. तो कान साथ देत नसेल तर प्रश्न नुसत्या चक्करचा राहत नाही.

ऐकू न येणारं पोर उशिरा चालायला लागतं, तेव्हा

ही टेस्ट ज्यांच्या फार कामाची आहे पण ज्यांच्यासाठी फारशी आठवली जात नाही, ती म्हणजे कर्णबधिर मुलं.

ऐकण्याचा शंख आणि तोलाच्या पिशव्या एकाच हाडात, एकाच द्रवाच्या व्यवस्थेत असतात. जन्मजात आजाराने किंवा मेंदूज्वराने शंख बिघडला तर शेजारीही बरेचदा बिघडतात. असं मूल मान उशिरा धरतं, उशिरा बसतं, उशिरा चालतं, सारखं पडतं. घरचे म्हणतात, “होईल हळूहळू.” काही वेळा त्याला मंद समजलं जातं. खरं तर त्याच्या बुद्धीचा यात काही संबंध नसतो.

मुंबईच्या वांद्र्यात १९८३ पासून असलेली अली यावर जंग संस्था केंद्राच्या अ‍ॅडिप योजनेतल्या कॉक्लिअर इम्प्लांटचं काम बघते. या योजनांमुळे इम्प्लांट सामान्य घरांच्या आवाक्यात आलं. पण इम्प्लांट शंखात बसवताना जवळच्या सॅक्युलला धक्का लागू शकतो. म्हणून आधी दोन्ही बाजूंच्या तोलाची स्थिती माहीत असणं उपयोगाचं ठरतं. एकच बाजू चालू असेल तर ऑपरेशन कोणत्या कानाचं करायचं, हा निर्णय विचारपूर्वक घेता येतो. आणि तोल दुबळा आहे हे कळलं की मुलाला खेळातून, व्यायामातून तो शिकवता येतो, शिवाय पोहताना आणि अंधारात जास्त लक्ष ठेवता येतं.

ही टेस्ट काय सांगत नाही?

आता दुसरी बाजू. हे वाचून उद्या सकाळी व्हेम्पसाठी रांग लावायची गरज नाही.

कूस बदलल्यावर किंवा मान वर केल्यावर अर्धा-एक मिनिट गरगरणारी चक्कर सगळ्यात जास्त दिसते. तिच्यात युट्रिकलमधले खडे सुटून नळीत गेलेले असतात. तिचं निदान साध्या कॉटवर होतं. डॉक्टर पेशंटला विशिष्ट पद्धतीने झटकन आडवं करतात आणि डोळ्यांची हालचाल बघतात. उपचारही तसाच, डोकं ठरलेल्या क्रमाने वळवून खडे परत जागेवर पाठवायचे. अनेकांना एक-दोन बैठकांत आराम पडतो. यासाठी यंत्र लागत नाही, माहीतगार हात लागतो.

साठीनंतर निरोगी माणसांमध्येही व्हेम्पची लहर बारीक होते, कधी मिळतच नाही. म्हणून ‘लहर नाही’ एवढ्यावरून आजोबांना आजार चिकटवता येत नाही. मान नीट ताणली गेली नाही तरी लहर खोटी कमी दिसते. अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरोलॉजीने २०१७ मध्ये पुरावे तपासले तेव्हा हाडाच्या छताला भोक असलेल्या आजारात ही टेस्ट उपयोगी असल्याचं म्हटलं, पण मेनिएर आजार किंवा नसेची सूज यांचं निदान एकट्या व्हेम्पवर करावं इतका पुरावा नसल्याचंही सांगितलं. नसेवरची गाठ बघायची तर एमआरआयच लागतो. थोडक्यात, व्हेम्प हा खटल्यातला एक साक्षीदार आहे. निकाल देणारा न्यायाधीश नाही.

काही वेळा तर या टेस्टचा विचारसुद्धा करायचा नसतो. चक्करसोबत तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, एकाचे दोन दिसायला लागले, कधी नव्हे इतकं डोकं दुखलं किंवा आधाराशिवाय उभंच राहता येईना, तर तो पक्षाघात असू शकतो. तिथे १०८ ला फोन आणि थेट मोठं हॉस्पिटल. कपाशीवर फवारणी करताना चक्कर, मळमळ, घाम सुरू झाला तर विषबाधा समजून औषधाचा डबा सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठायचा. आणि भर उन्हात अंग तापून माणूस बरळायला लागला तर तो उष्माघात, तिथेही वेळ घालवायचा नाही.

मग वऱ्हाडातल्या माणसाने नेमकं करायचं काय?

पहिली गोष्ट, चक्करचं वर्णन नीट करायचं. अंधारी येते, जग फिरतं की फक्त तोल जातो? किती वेळ टिकते, सेकंद, मिनिटं, तास की दिवस? कशाने सुरू होते, कूस बदलल्याने, आवाजाने, शिंकेने की काहीच कारण नसताना? सोबत एका कानाने कमी ऐकू येतं का, कान भरल्यासारखा वाटतो का, शिट्टी वाजते का? आधी कोणती इंजेक्शनं बरेच दिवस घेतली? चक्कर सुरू असताना घरच्या कोणी मोबाईलवर डोळ्यांचा व्हिडिओ काढून ठेवला तर डॉक्टरांना त्यातूनही बरंच कळतं, कारण आतल्या कानाच्या चक्करमध्ये बुबुळं एका विशिष्ट ठेक्यात हलतात.

दुसरी गोष्ट, बीपी-शुगर ठीक निघाली आणि चक्कर थांबत नसेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना एकदा दाखवायचं. अकोल्याचं सर्वोपचार असो की अमरावतीतलं एखादं मोठं हॉस्पिटल, आधी पेशंट तपासून टेस्ट लागते का हे डॉक्टरांनाच ठरवू द्यायचं. व्हेम्प करतात ऑडिओलॉजिस्ट. बाळांच्या ऐकण्याची बेरा टेस्ट ज्या प्रकारच्या यंत्रावर होते, त्याच प्रकारच्या यंत्रावर जादा सोय असेल तर व्हेम्पही होते. पण प्रत्येक यंत्रात ती सोय नसते. त्यामुळे नागपूरची गाडी पकडण्याआधी एक फोन करून “व्हेम्प होते का, मानेची आणि डोळ्याची दोन्ही होते का” एवढं विचारलं तर एक फेरा वाचतो.

तिसरी गोष्ट, चक्करची गोळी महिनोन्महिने स्वतःच्या मनाने चालू ठेवायची नाही. अशा बऱ्याच गोळ्या तोलाची यंत्रणा दाबून ठेवतात. पहिले दोन-चार दिवस त्याने आराम पडतो, पण नंतर बिघडलेल्या बाजूची भरपाई करायला मेंदूला जो सराव हवा असतो, तोच अडतो. तोलाचे व्यायाम हा इथला खरा उपचार, आणि ते कोणते करायचे हे कोणता भाग बिघडलाय यावर ठरतं.

कोणाला वर्षानुवर्षं चक्कर येते, रिपोर्ट सगळे नॉर्मल असतात आणि शेवटी घरचेच म्हणायला लागतात, “याच्या मनाचेच खेळ आहेत.” त्या माणसासाठी स्क्रीनवरच्या त्या छोट्याशा टेकडीची किंमत वेगळीच असते. एका बाजूची टेकडी आहे, दुसऱ्या बाजूची नाही, एवढं दिसलं तरी त्याला कळतं की आपण खोटं बोलत नव्हतो. म्हणून पुढच्या वेळी घरातलं कोणी थंडीतही “डोकं गरगरून रायलं” म्हणालं, तर पन्ह्याचा ग्लास हातात देतानाच एक प्रश्नही विचारून बघायचा, “जग फिरते का अंधारी येते?”